मराठी अक्षरं पडद्यावर ठसठशीत दिसावीत म्हणून: रिझोल्यूशन, स्केलिंग आणि क्लिअरटाइपची नीट जुळणी

दिवाळी अंकांचा हंगाम जवळ आला की दादर-गिरगावपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत कितीतरी घरांत मुद्रितं तपासण्याचं काम सुरू होतं. आता ते बहुतेक पीडीएफवर, म्हणजे पडद्यावरच चालतं. पडद्यावर ‘कोष’ आहे की ‘कोप’, अनुस्वार आहे की नाही, ‘उद्ध्वस्त’मधला ध नीट जोडला आहे की सुटला आहे, हे कळायला मान पुढे काढावी लागते. मग चष्म्याच्या नंबराची शंका येते. नंबर जरूर तपासून घ्या, पण त्याआधी संगणकाच्या सेटिंग्ज तपासा. मराठी वाचणाऱ्या माणसाचा मॉनिटर बहुतेक वेळा इंग्रजीच्या हिशेबाने लावलेला असतो, आणि देवनागरीला तो हिशेब पुरत नाही.

देवनागरीची नेमकी गरज काय

इंग्रजी अक्षराचा बहुतेक सगळा तपशील एका पट्ट्यात मावतो. देवनागरी तीन मजल्यांवर चालते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचं मुख्य अंग, आणि खाली उकार, ऋकार किंवा जोडाक्षराचा उरलेला भाग. ‘कर्तृत्व’ या एका शब्दात हे तिन्ही मजले भरलेले दिसतात.

आता पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चित्र बनवणारे बारीक ठिपके, मोजू. विंडोजमध्ये १०० टक्के स्केल म्हणजे एका इंचाला ९६ ठिपके असं गृहीत धरलेलं असतं. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. म्हणून १२ पॉइंटच्या अक्षराला १२ गुणिले ९६ भागिले ७२, म्हणजे १६ पिक्सेल मिळतात. या १६ पिक्सेलमध्ये तिन्ही मजले बसवायचे, म्हणजे मुख्य अंगाला साधारण निम्मेच उरतात. तेवढ्यात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, पोटफोड्या ष आणि प यांतला फरक दाखवायचा असतो. भ आणि म यांच्यात शिरोरेषेतल्या तुटीचा फरक आहे, आणि ती तूट या आकारात जेमतेम एका पिक्सेलची असते. तेवढा पिक्सेल करडा झाला की ‘भाग’ आणि ‘माग’ सारखेच दिसू लागतात.

खाली जे काही सांगतो आहे त्याचा उद्देश एकच: प्रत्येक अक्षराला जास्त पिक्सेल मिळवून द्यायचे आणि मिळालेले पिक्सेल पुसट होऊ द्यायचे नाहीत.

सुरुवात: स्वतःची एक चाचणी फाइल

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये एक फाइल करा. तिच्यात या ओळी टाका:

वाङ्मय, कर्तृत्व, उद्ध्वस्त, द्वंद्व, वैशिष्ट्य, दृष्ट्या, आर्द्र, हिंस्र, स्त्रियांनी, वऱ्हाड, कऱ्हाड, दुसऱ्या.
कोष-कोप, घडा-धडा, भाग-माग, बाण-वाण.

याच ओळी ९, ११, १२ आणि १४ पॉइंटमध्ये उतरवा. एकदा निर्मला यूआय फॉन्टमध्ये आणि एकदा तुमच्या रोजच्या वापरातल्या फॉन्टमध्ये. दस्तऐवजाचा झूम १०० टक्के ठेवा. पुढचा प्रत्येक बदल केल्यावर या फाइलकडे बघूनच निर्णय घ्यायचा. विंडोज स्वतः दाखवतं ते नमुने इंग्रजीत असतात आणि त्यांवरून मराठीचा अंदाज येत नाही.

पहिलं काम: मूळ रिझोल्यूशन

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलांची संख्या, खाली आणायचं, हा उपाय कार्यालयांत, सायबर कॅफेत, घरी, सगळीकडे केला जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. एलसीडी पडद्यावर पिक्सेल ठरावीक संख्येने बसवलेले असतात, त्यांची संख्या बदलता येत नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्याला १२८० बाय ७२० चं चित्र दिलं की एका पिक्सेलचा मजकूर दीड पिक्सेलवर पसरावा लागतो. अर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून कडा करड्या होतात. बारीक छापलेलं पान झेरॉक्सवर मोठं करून घ्यावं तसं अक्षर वाढतं खरं, पण तपशील वाढत नाही. शिरोरेषा जाड आणि मळकट होते, अनुस्वाराचा डाग होतो.

विंडोज १० किंवा ११ मध्ये रिकाम्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. डिस्प्ले रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तो निवडा. बदल केल्यावर १५ सेकंदांत ‘कीप चेंजेस’ म्हणायचं असतं, नाहीतर जुनी स्थिती परत येते. अक्षरं बारीक झाली तर घाबरू नका, ती पुढच्या पायरीत मोठी करायची आहेत.

यादीत मॉनिटरचा खरा आकडाच दिसत नसेल तर त्याच पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून ग्राफिक्सच्या जागी काय नाव आहे ते बघा. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असं दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणारा भाग चालवणारा प्रोग्रॅम, बसलेला नाही असं समजा. विंडोज अपडेटमधून किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तो बसवला की यादी पूर्ण होते.

केबलकडे एक नजर

मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल आणि संगणकाला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जागा असेल, तर केबल बदला. व्हीजीए ॲनालॉग आहे. संगणकाने काढलेला पिक्सेल मॉनिटरला पुन्हा ओळखून घ्यावा लागतो आणि त्यात उभ्या रेषा थरथरतात, सावली पडते. केबल बदलणं शक्यच नसेल तर पडदाभर मजकूर उघडा आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ बटण दाबा. रिकाम्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला मोजायला कडाच सापडत नाहीत.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘शार्पनेस’ असतो. तो वाढवल्याने अक्षर स्पष्ट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात काळ्या रेषेभोवती पांढरी झालर येते आणि मात्रा शिरोरेषेपासून सुटल्यासारखी दिसते. चाचणी फाइल समोर ठेवून तो हळूहळू कमी करत जा आणि झालर गेली की थांबा.

स्केल किती ठेवावं

आता अक्षरं मोठी करायची. त्याच डिस्प्लेच्या पानावर ‘स्केल’ असतं. हीच विंडोजमधली डीपीआयची, म्हणजे इंचाला किती ठिपके धरायचे याची, सेटिंग. १२५ टक्के म्हणजे १२० डीपीआय, १५० म्हणजे १४४, २०० म्हणजे १९२. रिझोल्यूशन कमी केल्यावर तयार चित्र ताणलं जातं. स्केल वाढवल्यावर प्रत्येक अक्षर नव्याने, जास्त पिक्सेल वापरून काढलं जातं. १२ पॉइंटच्या अक्षराला १०० टक्क्यांवर १६ पिक्सेल मिळत होते, १२५ वर २० मिळतात, १५० वर २४.

किती टक्के हवे ते पडद्याच्या घनतेवर ठरतं. घनता काढायची रीत सोपी आहे: रुंदी आणि उंचीच्या पिक्सेलांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, आणि त्याला पडद्याच्या तिरक्या मापाने, म्हणजे इंचांनी, भागा. १९२० बाय १०८० चा २४ इंची मॉनिटर इंचाला ९२ पिक्सेल देतो. तोच आकडा २१.५ इंचात १०२ होतो, १५.६ इंची लॅपटॉपवर १४१ आणि १४ इंचीवर १५७. २७ इंची मॉनिटर २५६० बाय १४४० चा असेल तर १०९, ३८४० बाय २१६० चा असेल तर १६३.

माझा कल असा. मराठी वाचन-लेखन हेच मुख्य काम असेल तर २४ इंची १०८० मॉनिटरवर १२५ टक्के. विंडोज तिथे १०० सुचवेल, पण ते इंग्रजीला ठीक आहे. १४ किंवा १५.६ इंची लॅपटॉपवर १५० टक्के. २७ इंची १४४० वर १२५, आणि त्याच आकाराच्या फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० च्या, पडद्यावर १५० किंवा १७५. जुना १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर असेल तर स्केल १०० वरच ठेवा. तिथे १२५ केलं तर उंचीला सुमारे ६१४ पिक्सेलइतकीच कामाची जागा उरते आणि कित्येक खिडक्यांची खालची ‘ओके’ची बटणं पडद्याबाहेर जातात. अशा ठिकाणी वर्डमधला किंवा ब्राउझरमधला झूम वाढवणं चांगलं.

स्केलच्या आतल्या पानावर ‘कस्टम स्केलिंग’ आहे. तिथे १०० ते ५०० मधला कुठलाही आकडा टाकता येतो, पण ११० किंवा ११५ सारखे आकडे टाळा. ते सगळ्या पडद्यांना सारखेच लागू होतात आणि जुने प्रोग्रॅम त्यांच्यावर बिघडतात. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर आधीपासून उघडे असलेले काही प्रोग्रॅम जुन्याच मापाने चालत राहतात.

फक्त मेनू आणि फोल्डरांची नावं मोठी हवी असतील तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली ‘टेक्स्ट साइझ’ची पट्टी आहे. विंडोज १० मध्ये तो विभाग ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ या नावाने आहे. पट्टी २२५ टक्क्यांपर्यंत जाते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकावर स्केल १२५ ठेवून ही पट्टी ११५-१२० च्या आसपास आणली की त्यांना फाइलींची नावं विनासायास वाचता येतात.

एक गैरसमज डीटीपीच्या दुकानांत वारंवार ऐकू येतो, तो इथेच दूर करतो. पडद्याचा डीपीआय बदलल्याने छपाईच्या दर्जावर काही परिणाम होत नाही. प्रिंटरचा आणि चित्रांचा डीपीआय वेगळा. स्केल हवं तेवढं वाढवा, पान छापून येईल ते पूर्वीसारखंच.

क्लिअरटाइप, आणि त्याची देवनागरीपुरती मर्यादा

पडद्याचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. क्लिअरटाइप या पट्ट्या सुट्या वापरतं, त्यामुळे आडव्या दिशेने जणू तिप्पट तपशील मिळतो. काना, दंड, अक्षरांच्या उभ्या कडा यांना त्याचा चांगला फायदा होतो. विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे आणि व्हिस्टापासून ती आपोआप चालू असते.

शिरोरेषेला मात्र या तंत्राचा काहीच उपयोग नाही, कारण ती आडवी आहे आणि उभ्या दिशेने क्लिअरटाइप काहीच वाढवत नाही. लहान आकारात शिरोरेषा एक पिक्सेल तरी असते किंवा एकदम दोन होते. एका आकारात मजकूर फिकट वाटतो आणि अर्धा पॉइंट वाढवला की अचानक गडद होतो, त्याचं कारण हे. मात्रा आणि उकार यांचंही तसंच. म्हणून इंग्रजी वाचणाऱ्याचं काम क्लिअरटाइपवर भागतं, पण आपल्याला त्याच्या जोडीला स्केल वाढवावंच लागतं.

जुळणी अशी करा. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत क्लिअरटाइप टाइप करा आणि ‘अ‍ॅडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट’ उघडा. ‘टर्न ऑन क्लिअरटाइप’ला खूण करा. मॉनिटर मूळ रिझोल्यूशनवर आहे की नाही हे हा प्रोग्रॅम स्वतः तपासून सांगतो. मग एकापाठोपाठ पाच पानांवर नमुन्यांच्या चौकटी येतात आणि त्यांतली चांगली वाटेल ती निवडायची असते. पहिल्या पानावरची निवड पट्ट्यांच्या क्रमाबद्दल असते, म्हणून अक्षरांच्या कडेला तांबडी-निळी झाक जिथे कमी दिसेल ती चौकट घ्या. पुढच्या पानांवर मुख्यतः गडदपणाचा प्रश्न असतो. मराठीसाठी एक छटा गडद असलेली चौकट निवडावी असं मी सुचवेन, कारण आपल्या मात्रा आणि रफार बारीक असतात आणि फिक्या निवडीत तेच आधी हरवतात. शेवटी चाचणी फाइल लिब्रेऑफिसमध्ये नव्याने उघडून बघा, कारण वर्ड २०१३ पासून क्लिअरटाइप वापरत नाही. वऱ्हाड, कऱ्हाडमधला ऱ्ह नीट ओळखू येत नसेल तर पुन्हा एक फेरी करा.

मुद्रितं तपासणारे काही जण पूर्ण पान दिसावं म्हणून मॉनिटर उभा फिरवतात. सोय चांगली आहे, पण तेव्हा रंगांच्या पट्ट्याही आडव्या होतात आणि क्लिअरटाइपचा हिशेब चुकतो. उभ्या मॉनिटरवर स्केल एक पायरी वाढवलं की रंगीत कडा कमी जाणवतात.

पेजमेकर आणि इतर जुने प्रोग्रॅम

मुंबईच्या छापखान्यांत पेजमेकर ७ अजून चालतं. ते २००१ मधलं आहे आणि त्याला स्केलची कल्पना नाही. त्यामुळे विंडोज त्याची सगळी खिडकी १०० टक्क्यांवर काढून नंतर चित्रासारखी ताणतं. बाकी सगळं रेखीव आणि एकच प्रोग्रॅम धुरकट, असं दिसलं की हाच दोष समजा.

त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या भागात ‘ओव्हरराइड’च्या चौकटीला खूण करा. तिथे तीन पर्याय मिळतात. ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडलं तर ताणणं थांबतं, अक्षर रेखीव होतं, पण मेनू आणि टूलबार बारीक होतात. ‘सिस्टिम’ म्हणजे पुन्हा ताणलेलं चित्र. ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा विंडोज १० च्या २०१७ मधल्या क्रिएटर्स अपडेटपासून मिळालेला पर्याय आधी करून बघा. तो बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमांत अक्षरं मोठ्या मापात नव्याने काढून घेतो. तो जमला नाही तर ‘अ‍ॅप्लिकेशन’वर या आणि पानाचा झूम वाढवून काम करा.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड ही अक्षरांची सामायिक पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टांत अक्षर तुकड्यांतून जुळवलेलं असतं. अर्धा भाग वेगळा, दंड वेगळा. विषम झूमवर हे तुकडे पिक्सेलांच्या रांगेत नीट बसत नाहीत आणि शिरोरेषेत फटी किंवा पायऱ्या दिसतात. झूम २०० किंवा ४०० टक्के करून बघा. तिथे फट नाहीशी झाली तर दोष फक्त पडद्यावरचा आहे, छपाईत येणार नाही. तिथेही तशीच दिसली तर मजकुरात खरोखर चूक आहे. मुद्रितशोधनात ही परीक्षा फार उपयोगी पडते, नाहीतर नसलेल्या फटींना खुणा करण्यात वेळ जातो.

फॉन्ट आणि ब्राउझर

विंडोज ८ पासून देवनागरीचा मुख्य फॉन्ट निर्मला यूआय आहे. त्याआधीची कित्येक वर्षं ते काम मंगलने केलं. मंगल हा सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या रचनेतला. ते पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवत असत. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह आणि अपराजिता हे फॉन्ट आपोआप येतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा आणि तिथून देवनागरीचे पूरक फॉन्ट बसवा. एखादी जुनी फाइल नवीन संगणकावर वेगळीच दिसू लागते तेव्हा बहुधा यांतलाच एखादा फॉन्ट नसतो.

कोकिळा आणि अपराजिता त्याच पॉइंटला लहान दिसतात. १२ पॉइंटचं कोकिळा वाचायचा हट्ट धरू नका, पडद्यावर ते १५-१६ करा आणि छापताना कमी करा. पडद्यावरच्या वाचनासाठी माझी पसंती मुंबईच्याच एक टाइपने केलेल्या ‘मुक्त’ला आहे. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, त्याची जाडी कमी-जास्त करता येते आणि त्याची जोडाक्षरं लहान आकारातही मोकळी राहतात. नोटो सान्स देवनागरीही चांगला आहे.

ब्राउझरमध्ये फायरफॉक्स मराठीसाठी एक मोठी सोय देतो. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या विभागात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडा. वरच्या यादीतून ‘देवनागरी’ निवडा. मग फक्त देवनागरी मजकुरासाठी फॉन्ट, आकार आणि किमान आकार ठरवता येतो, इंग्रजी पानांना धक्का लागत नाही. किमान आकार १६ ठेवून पाहा. क्रोममध्ये ‘अपिअरन्स’खाली ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’मध्ये किमान आकार आहे, पण तो सगळ्याच लिप्यांना लागतो.

एखाद्याच वेबसाइटवर शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली दिसत असेल तर तुमच्या मॉनिटरला दोष देऊ नका. त्या साइटने अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, जे इंग्रजीत शोभतं आणि देवनागरीत शिरोरेषा तोडतं. फायरफॉक्सचा ‘रीडर व्ह्यू’ उघडा, मजकूर पुन्हा सांधला जातो.

दोन पडदे, टीव्ही, मॅक, लिनक्स

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की डिस्प्लेच्या पानावर १ आणि २ अशा चौकटी दिसतात. आधी चौकट निवडा, मग स्केल बदला. दोन्हींचं स्केल वेगवेगळं ठेवता येतं आणि ठेवावंच. एका पडद्यावर रेखीव असलेली खिडकी दुसऱ्यावर नेल्यावर धुरकट झाली तर तो प्रोग्रॅम तिथे बंद करून पुन्हा उघडा.

एका खोलीच्या घरात टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरणारे बरेच आहेत. टीव्हीवर मजकूर पुसट दिसण्याची मुख्य कारणं दोन. एक, टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. चित्राच्या आकाराच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’सारखा पर्याय निवडा. दुसरं, टीव्ही रंगांचा तपशील कमी करतो, त्यामुळे लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा फुटतात. काही टीव्हींवर एचडीएमआयच्या त्या जोडणीला ‘पीसी’ हे नाव दिलं की ते थांबतं. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये रंगांची मर्यादा ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करा.

मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून क्लिअरटाइपसारखी तिप्पट तपशिलाची सोय काढून टाकली आहे, म्हणून कमी घनतेच्या बाहेरच्या मॉनिटरवर मराठी बारीक आणि फिकं दिसतं. तिथे फोर-के मॉनिटर घेणं हाच खरा उपाय. लिनक्सच्या ग्नोममध्ये ‘ट्वीक्स’ बसवून फॉन्टांच्या विभागात स्केलिंग फॅक्टर १.२५ करा आणि हिंटिंग, म्हणजे अक्षराच्या कडा पिक्सेलांच्या रांगेत बसवण्याची सोय, ‘स्लाइट’वर ठेवा.

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर

सगळं करूनही समाधान होत नसेल तर घनताच कमी पडते आहे. २४ इंची १०८० पडद्यावर १२५ टक्क्यांनी दिसणारं १२ पॉइंटचं अक्षर २० पिक्सेलांचं असतं. तेच अक्षर, तेवढ्याच आकाराचं, २४ इंची फोर-के पडद्यावर २५० टक्क्यांनी ४० पिक्सेलांचं होतं. तिथे भ आणि म यांच्यातली तूट एका पिक्सेलवर अवलंबून राहत नाही. २७ इंची मॉनिटर १०८० चा घेऊ नका. इंचाला ८२ पिक्सेल म्हणजे पडदा मोठा आणि अक्षर भरड.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, नवे-जुने मॉनिटर दुकानात चालू करून दाखवतात. जाताना चाचणी फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या. दुकानदार व्हिडिओ लावून रंग दाखवेल. ते बघून झालं की मॉनिटर एचडीएमआयने जोडायला सांगा, रिझोल्यूशन मूळ आकड्यावर आहे का ते बघा, पीडीएफ १०० टक्क्यांवर उघडा आणि घरी बसता तेवढ्याच, साधारण हातभर अंतरावरून ९ पॉइंटची ‘कोष-कोप’ची ओळ वाचा. फोर-के घेत असाल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, ६० हर्ट्झ दिसतो का तेही तिथेच तपासा. ३० दिसला तर केबल किंवा संगणकाचं एचडीएमआय जुनं आहे, आणि मजकूर खालीवर सरकवताना अक्षरं अडखळतील.